मिठागरवाल्या नानांची उघाडी

पनवेलच्या खाडीला भरती येते ती चंद्रामुळे, असं गुरुजी शिकवीत. नाना ओरडले की ती येते, असं आमच्या आळीचं ठाम मत होतं. नाना आमच्या समोर राहत, त्यांचं मिठागर खाडीकाठी गव्हाणला. सकाळी ते उन्हावर रागावत, दुपारी ढगांवर, संध्याकाळी बायकोवर, म्हणजे आमच्या नानींवर. आणि कुणीच सापडलं नाही तर रिकाम्या खुर्चीवर. जेवताना पानात पहिला मान मिठाच्या ढिगाला. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की संपलाच! "माज्या घरचं मीठ तुला जड झालं काय रं?"

एका हिवाळ्यात त्यांचे पाय सुजले. खाऱ्या पाण्यात उभं राहणाऱ्यांचे पाय सुजतातच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग धाप लागू लागली, इतकी की शिवी अर्ध्यावर तुटायची. तेव्हा मात्र आळी घाबरली. मीच त्यांना दवाखान्यात नेलं.

"नाना, लहानपणी सांधे धरून ताप आला होता ना?" डॉक्टर म्हणाले. "त्यानं हृदयातली झडप आखडलीय. रक्त मागे तुंबून फुप्फुसात दाटतं, म्हणून धाप. आणि त्या अरुंद वाटेपायी रेटून रेटून हृदय थकलंय, म्हणून पायात पाणी."

"म्हंजे माजी उघाडी अडकली!" नाना गरजले. उघाडी म्हणजे बांधातलं, खाडीचं पाणी सोडायचं लाकडी दार. "न् बांध खचाय लागला. मंग गोल्या कशाला? दार उघड ना!"

"गोळ्यांनी पाणी उतरेल. दार मुंबईला उघडतात, छाती उघडून, बोटानं झडप मोकळी करून. पण बांध फार खचला तर दार उघडूनही भागत नाही. लगेच जा. आणि आजपासून मीठ बंद."

दवाखाना हादरला. "माजं मीठ बंद? आमी काय माती खावाची?" ते तणतणत घरी आले आणि मुंबईचं नाव काढलं की म्हणत, "हंगाम सोडून जाऊ? मीठ पिकू दे पयलं."

त्या हंगामाचा मला अजून संताप येतो. मीठ पिकलं, नाना सुकले. आगोटीला, पाऊस तोंडावर आल्यावर, मुंबईला गेले तेव्हा दार नीट उघडलं, धाप बसली, शिव्या पुन्हा पुऱ्या येऊ लागल्या; पण बांध खचलाच होता. पाय सुजत राहिले. नाना अळणी जेवू लागले, तरी पानात मिठाचा ढीग हवाच. "खावाचं नाय, पन मान ठेवाचा का नाय?" बोटसुद्धा लावत नसत.

ते गेल्यावर पहिल्या श्राद्धाला नानींनी त्यांच्या पानावर मीठ वाढलं, मग आमटीतही मूठभर टाकलं.

"आता मीठ बंद थोडंच आहे! ते कशाला रागवतील?" त्या म्हणाल्या.

आमटी खारट झाली होती. कुणी ‘पुरे’ म्हटलं नाही.