वहिनीची शिंक

आमच्या वहिनीचं एका शिंकेवर कधी भागत नसे. पहिली आली की ती हातातलं काम बाजूला ठेवायची आणि भिंतीचा आधार घ्यायची, कारण पाठोपाठ किती येणार हे तिलाही ठाऊक नसायचं. शेजारचे लोक बोलता बोलता थांबायचे. सगळ्या होऊन गेल्या की लाल झालेलं नाक रुमालानं टिपत, पाणावल्या डोळ्यांनी हसत ती म्हणायची, "झालं बगा. आता दोन घटका मोकळी." नांदेडच्या आमच्या गल्लीत नव्या माणसाला आमचं घर सांगायचं तर 'शिंकणाऱ्या वहिनीचं' असंच सांगत. घर बांधलं अण्णांनी, नाव झालं तिच्या नाकाचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी कालव्यावर नोकरी केली. अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून जाणारा कालवा ते पायी तपासत. मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायची. ते कुणासाठी थांबत नसत. "चालायचं तर चाल, न्हाईतर घरी बस," एवढंच म्हणत. दादा दोनदा रडत घरी परतला आणि नंतर आलाच नाही. मी मात्र धावत, ठेचकाळत त्यांच्या पावलाला पाऊल मिळवलं. "माझी पोरगी घोडं हाय घोडं," असं ते लोकांना सांगत, तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं. अण्णांच्या शेजारची ती जागा माझी होती. लग्न होऊन लातूरला गेले, तेव्हाही ती रिकामीच राहील असं मी गृहीत धरलं होतं.

माझ्यानंतर दोन वर्षांनी दादाचं लग्न झालं आणि देगलूरची वहिनी घरात आली. पुढच्या दिवाळीला मी माहेरी गेले. सकाळी उठून बूट चढवले, तर आई म्हणाली, "ते दोघं कवाच गेले."

"दोघं कोण?"

"अण्णा आन् वहिनी. रोज जातेत की."

मी बूट घालून अंगणात तशीच बसून राहिले. ऊन चढल्यावर दोघं आली. अण्णा पुढे, वहिनी मागे. नाकातोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीच्या पिशवीला टाचणीनं लावलेले रुमाल वाळत होते. जत्रेतली पताका घेऊन कुणी यावं तशी ती दिसत होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तिला रानाचं सगळंच बाधायचं. गाजरगवत बाधायचं, सोयाबीनच्या मळणीचा भुसा बाधायचा, वेचणीच्या दिवसांत कापूस बाधायचा. असल्या बाईनं घराची दारं-खिडक्या लावून आत बसावं असं कुणालाही वाटेल. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ताई, घरात बसले तरी नाक गळतंय, रानात गेले तरी गळतंय. मग रानातच गळू दे की." यावर अण्णा मनापासून हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते इतके हसले होते, ते मी बराच वेळ आठवत राहिले.

रुमाल ती अण्णांच्या जुन्या धोतरांचे करायची. विकतच्या रुमालानं नाक सोलतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर सोलत नाही, असं तिचं म्हणणं. एकदा दुपारी मी पाहिलं, अण्णा ओट्यावर बसून ते चौकोन एकावर एक ठेवून घड्या घालत होते. आयुष्यात ज्यांनी स्वतःचं जेवलेलं ताट उचललं नाही, ते माझे वडील सुनेच्या नाकासाठी घड्या घालत होते. बरं, सासऱ्याला ती 'मामा' म्हणेल तर तेही नाही. आमच्यासारखंच 'अण्णा' म्हणायची.

मीही मग माहेरी आले की हट्टानं त्यांच्याबरोबर जाऊ लागले. माझं नाक कोरडं, पाय दणकट. वहिनीची तयारीच केवढी असायची! डॉक्टरांनी दिलेला फवारा सकाळी नाकात मारायचा. गोळीनं झापड येते म्हणून ती रात्री जेवल्यावर घ्यायची. निघताना नाकपुड्यांना आतून तुपाचं बोट. वापरलेले रुमाल एका पिशवीत, कोरडे दुसरीत. रस्त्याला लागल्यावर ती केळीची पानं कुठल्या अंगाला झुकतात ते बघायची आणि वारा पाठीमागून येईल अशी बाजू धरायची. लांब मळणीयंत्राचा धुरळा दिसला की ओढणी ओली करून तोंडाला बांधायची. घरी आल्यावर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायची. एवढं सगळं करूनही शिंका यायच्याच. त्या आल्या की अण्णा थांबायचे.

अण्णा थांबायचे! कालव्याच्या भिंतीवर, नाहीतर एखाद्या दगडावर टेकायचे आणि तिचं आटपेपर्यंत इकडेतिकडे बघत बसायचे. मी पुढे जाऊन उभी असायची. मागे वळून पाहावं तर दोघं काहीतरी बोलत असायची. मी जवळ येईपर्यंत बोलणं संपलेलं असायचं. ठेच लागून माझ्या अंगठ्याचं नख निघालं होतं, तेव्हासुद्धा अण्णा माझ्यासाठी थांबले नव्हते.

आई गेल्यानंतरच्या वर्षी अण्णांनी नांदेडहून माहूरला पायी जायचं मनावर घेतलं. दिवाळी होऊन गेली होती. मी लातूरला ज्या शाळेत शिकवत होते तिथं रजा टाकली. खरं कारण देवीचं दर्शन नव्हतं. एवढ्या लांबच्या चालीत वहिनी कुठंतरी माघार घेईल, एसटीत बसून परत जाईल आणि पुढचा रस्ता माझा नि अण्णांचा असेल, असा माझा हिशेब होता.

भोकरपर्यंतच तिची दशा झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चालू होती. तिचे डोळे सुजले, आवाज बसला. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर आम्ही टेकलो, तेव्हा घरातली म्हातारी म्हणाली, "लेकी, बसनं जा गं. देवी काय रागवायली का?" वहिनी म्हणाली, "देवी न्हाई रागवत आजी, पण मी सवताला लई रागवीन." तिनं नाक धुतलं, नवा रुमाल काढला आणि उठली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उजाडायच्या सुमारास, मळणीयंत्रं सुरू व्हायच्या आत निघू लागलो. ही तिचीच युक्ती. हिमायतनगर मागे पडलं, किनवट मागे पडलं, सागाचं जंगल लागलं आणि तिचं नाक चक्क निवळलं. माझा हिशेब चुकला तो चुकलाच.

माहूरच्या अलीकडच्या चढावर मी नेहमीसारखी पुढे होते. मागून शिंक ऐकू आली. वळून पाहिलं तर अण्णा दगडावर टेकलेले, छाती वरखाली होत होती, चेहरा पांढरट पडला होता. वहिनी शेजारी उभी होती. नाकाला लावलेल्या रुमालाची घडीही मोडलेली नव्हती. नाक लाल नाही, डोळ्यांत पाणी नाही, आणि शिंक एकच. इतक्या वर्षांत तिची एकटी शिंक मी कधी ऐकली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. अण्णांचा श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "झालं अण्णा, मोकळी झाले. चला."

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी ती हापशावर रुमाल धूत होती. मी दांडा मारू लागले.

"वहिनी, चढावरची शिंक खोटी होती."

"हाव," ती म्हणाली. "आज तीन-चार खोट्याच होत्या. खरी यायलीच न्हाई या रानात."

"अण्णांना काय होतंय?"

"दम लागतोय. डॉक्टरला दावलंय मी. ते म्हनले चाला, पण मधी मधी बसत जा. आता बसा म्हनलं की हे बसतेत का? माझ्यासाठी बसतेत."

"मला का नाही सांगितलं?"

तिनं रुमाल पिळला. "सांगू नको म्हनले. तुमच्यापुढं त्यांना म्हातारं व्हायचं न्हाई, ताई."

"आणि तुझ्यापुढं चालतं?"

"माझंच नाक गळतंय की सारखं. माझ्यापुढं कुनाला काय लाज?"

मी दांडा मारत राहिले. बादली भरून वाहिली तरी मारत राहिले. वडिलांना दम लागतो याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याआधी हेवा वाटला. दुखणं काळजी घ्यायला लावतं हे मला माहीत होतं. दुखण्याचा असा उपयोग करता येतो हे या बाईला कुणी शिकवलं? मला तर साधी खोटी शिंकसुद्धा सुचली नसती. दुसऱ्या दिवशी आम्ही गड चढलो, तेव्हा पायऱ्यांवर ती पुष्कळदा शिंकली. दर वेळी मीही तिच्याबरोबर थांबले.

पुढे दादाची बदली नाशिकला झाली. अण्णांनी नांदेड सोडायला साफ नकार दिला. निघायच्या दिवशी वहिनी घरभर फिरून अण्णांची औषधं शेजारच्या काकूंना समजावून देत होती. गाडीत बसताना तिला खऱ्या शिंका आल्या. ड्रायव्हर खोळंबला. अण्णा गाडीच्या दाराशी उभे राहिले, शेवटची शिंक होईपर्यंत. मग "नीट ऱ्हा बाय," एवढंच म्हणाले आणि गाडी वळायच्या आत घरात गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नांदेडला गेले. सकाळी अण्णा आणि मी कालव्यावर निघालो. मध्ये कुणी नव्हतं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. थोडं अंतर गेल्यावर त्यांचं पाऊल जड झालं. तरी ते चालतच राहिले. मला शिंकेचं सोंग आणता येत नव्हतं आणि ते मला शोभलंही नसतं.

"अण्णा, मी थकले," मी म्हणाले. "बसू या."

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. मग कालव्याच्या भिंतीवर टेकले. पाणी बघू लागले.

"तुझं लग्न झालं ना," ते एकदम म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत निघालो. कुनाला सांगितलं न्हाई. लोह्यापत्तूर गेलो. दुपार झाली तवा कळलं लई लांब आलो. मग एसटीनं परत आलो."

"लोह्याला काय काम होतं?"

"काम कशाचं? लातूरचा रस्ता हाय न्हवं तो."

माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती.

"हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तू कवा बसलीस?" ते म्हणाले.

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला तर कवाचं सांगितलंय. ती जायच्या आधी म्हनली, अण्णा, हे एकदा ताईला सांगा." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले, पण उठले नाहीत. "बस अजून थोडी. घाई न्हाई."

मी बसले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मी तो काढून पाहिला, पडद्यावर वहिनीचं नाव होतं. क्षणभर वाटलं, आज उचलू नये. मग मीच तो उचलला आणि त्यांच्या कानाला लावला.