अक्कांच्या परसातला टर्की

नागपूरला गेले की घरचे विचारतात, "वैशाली, तू बंगलोरला नोकरी करतेस की टर्की सांभाळतेस?" आता काय सांगू, बाप्पा! घरात आजारी माणूस असला की भेटायला येणारे संत्री आणतात. आजारी टर्की असला की येणारा प्रत्येक जण एक किस्सा सोडून जातो. माझ्याकडे असा तीन आठवड्यांचा साठा आहे.

मी बंगलोरच्या बनशंकरी भागात सरोजाअक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. अक्कांचं घराणं मराठी, पण तीन पिढ्या इथं गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. टर्की त्यांच्या मिस्टरांचा, म्हणजे अण्णांचा. टर्की असला की साप फिरकत नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. झालं! अण्णा देवनहळ्ळीच्या एका शेतावर गेले आणि खोक्यात पिल्लू घालून बसनं घेऊन आले. या परसात त्याआधीही साप कधी निघाला नव्हता. पण अण्णा येईल त्याला सांगायचे, "बघा, एक तरी साप दिसला का?"

चौदा महिन्यांपूर्वी अण्णा गेले. टर्की राहिला.

*

एका दुपारी भिंतीवरून दोन कुत्री आत आली. आम्ही धावलो तोवर एक पंख लोंबत होता, मांडी फाटली होती, पाठीची कातडी सुटली होती. अक्कांनी त्याला चादरीत गुंडाळलं आणि आम्ही रिक्षात बसलो.

"अक्का, बाळाला काय झालं?" रिक्षावाल्यानं काळजीनं विचारलं. सिग्नलला चादरीतून लाल मुंडकं बाहेर आलं. रिक्षावाला बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "घरी काही हब्ब आहे का?"

हब्ब म्हणजे सण. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या बाईला तो हे विचारत होता! अक्का म्हणाल्या, "तुझ्या घरात कुणी पडलं, की तू सण करतोस काय रे?" पुढचा सगळा रस्ता त्यानं रिक्षा अशी चालवली की एक खड्डा लागला नाही. उतरताना विचारतो, "नाव काय त्याचं? देवाला सांगतो." नाव नव्हतंच. कुणी ठेवलंच नव्हतं.

*

डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. मूळ धारवाडकडचे, मराठी येणारे. चादर उघडून म्हणाले, "अक्का, रागावू नका. अशी कोंबडी लोक माझ्याकडे आणत नाहीत, हॉटेलात नेतात."

"म्हणूनच तुमच्याकडं आणलंय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी दीड तास टाके घातले. शेवटी हात धुता धुता म्हणाले, "जखमा भरतील. पण हा जड पक्षी आहे. तीन आठवड्यांत पायावर उभा राहिला नाही, तर छातीला फोड येतील. मग याला त्रासातून सोडवावं लागेल."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या.

*

आता याला ताकद यायला डॉक्टरांनी उकडलेलं अंडं सांगितलेलं. अक्कांच्या स्वयंपाकघरात अंडं? शक्यच नाही. मी वर उकडायचं, खाली न्यायचं, मीच भरवायचं, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी मला ऑफिसला जावं लागलं, तर अक्का नाकाला पदर लावून वर हजर! "शिकव."

अंडं कुस्करता कुस्करता थांबल्या. "याला अंडं घालणं पाप तर नाही गं?"

"अक्का, अंडं कोंबडीचं आहे, टर्कीचं नाही."

"नात्यातलंच की," म्हणाल्या. पण भरवलं.

*

या टर्कीची एक खोड होती. कुकरची शिट्टी झाली की तो परसातून गुडगुडून उत्तर द्यायचा. मी घरून काम करायचे, त्यामुळे माझ्या सगळ्या मीटिंगमध्ये ते ऐकू जायचं. दुखण्यापासून तो गप्प झाला. खाली शिट्टी वाजायची, मग अक्का गॅस बंद करून कान देऊन उभ्या राहायच्या. मला वरून ती शांतता कळायची आणि मीही मीटिंग म्यूट करून कान द्यायचे.

एकदा सकाळच्या कॉलवर मॅनेजरनं सहज विचारलं, "आज आपका मुर्गा चुप है?" मी सगळ्या टीमसमोर रडले. टर्कीसाठी! अजून ऑफिसात माझ्याशी सगळे जरा जपूनच बोलतात.

*

डॉक्टर म्हणाले, छाती जमिनीला घासू नये म्हणून झोळी करून त्यात ठेवा. कापड मऊ हवं आणि घट्ट हवं. माझी ओढणी फाटली. बेडशीट घसरली.

अक्का आत गेल्या आणि अण्णांचं धोतर घेऊन आल्या. इस्त्रीचं, घडीतलं. अण्णांच्या कपाटाला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. मी म्हटलं, "अक्का, दुसरं काहीतरी बघू."

"कपाटात राहून काय करतंय ते?" त्या म्हणाल्या आणि पायांसाठी भोकं स्वतःच्या हातानं कापली. कात्री मात्र कितीतरी वेळ हातातच राहिली.

*

एकविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी आले. जखमा छान भरल्या होत्या. झोळी सोडून त्यांनी टर्कीला परसातल्या पेरूच्या झाडाखाली ठेवलं. तो बसला तो बसलाच. मी दाणे दाखवले, डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. काही नाही.

"पायात ताकद आहे," डॉक्टर म्हणाले. "याच्याच मनात नाही. अक्का, आज नाही उठला तर..."

"माहीत आहे."

मी विचारलं, "अक्का, अण्णा याला काय म्हणून बोलवायचे?"

"बोलवायचे कशाला? ते जातील तिथं हा मागनं. चहाला मी पायरीवरून हाक मारली की पुढं ते, मागं हा."

"मग तुम्ही तशीच हाक मारून बघा ना."

अक्का म्हणाल्या, "ती हाक याला नव्हती गं."

मग म्हणाल्या, "स्वल्प आत जा दोघं."

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभे राहिलो. अक्का पायरीवर आल्या. दोनदा घसा साफ केला.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, चहा झालाय."

टर्कीनं मान वर केली. बरा पंख जमिनीला टेकवला, तो एकदा कलंडला, आणि उठला. डॉक्टरांनी माझा हात घट्ट धरला. पण तो पुढं येईना. पेरूखाली तसाच उभा राहून शेजारी बघत राहिला, आधी कुणीतरी निघायचं असल्यासारखा.

अक्का एक पायरी खाली उतरल्या. पदर सारखा केला.

"या," त्या म्हणाल्या. "आता पुढं कुणी नाही. तुम्हीच या."