वाघदेवाच्या वळणावर

बाबांनी जेवण सोडल्याला पाचवा दिवस होता. कावीळ उतरली होती, पण अन्नावरची वासना पार गेली होती. पेजेचा चमचा ओठांशी नेला की ते मान फिरवत. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं, "औषधाने व्हायचं ते झालं. आता पोटात अन्न गेलं नाही, तर हे उठायचे नाहीत." २०१८च्या दिवाळीआधीची ही गोष्ट. त्या सकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. "बाय, वाघदेवाला नारळ राहिलाय. तेवढा देऊन ये."

हे त्यांनी मलाच सांगावं याची मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला. मामा आणायचा ती चळवळीची पत्रकं वाचत मी वाढले. देवापुढे हात जोडणारा माणूस अन्यायापुढेही हात जोडतो, असं मला तेव्हा ठाम वाटायचं. बाबा एसटीचे ड्रायव्हर. डहाणूहून तलासरीच्या पूर्वेच्या डोंगरातल्या गावांना जाणारी गाडी त्यांच्याकडे बरीच वर्षं होती. आवाज चढवणं त्यांना जमत नसे. घरात चिकू आले की डागाळलेले स्वतःकडे ओढून चांगले आमच्यापुढे सरकवायचे. त्या डोंगरातल्या रस्त्यावर एका वळणाला झाडाखाली वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथे बाबा रोज गाडी थांबवून खाली उतरत. २०१४ मध्ये मी त्यावर एक पत्रक लिहिलं. सरकारी डिझेल, प्रवाशांची दोन मिनिटं, एका माणसाची अंधश्रद्धा, असं सगळं. त्यांचं नाव टाकलं नव्हतं, एवढीच काय ती दया. बाबांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "दोन नाही, चार मिनिटं लागतात. लिहायचंच तर बरोबर लिही." ते पत्रक कुणीतरी डेपोत वरिष्ठांना नेऊन दिलं. बाबांना तोंडी समज मिळाली, आणि गाडी वळणावर थांबेनाशी झाली. मी जिंकले होते. बाबा निवृत्त झाले तरी त्यावर आमच्यात एक शब्द निघाला नव्हता.

नारळ घेऊन मी खालच्या फाट्यावर उतरले आणि तीन किलोमीटर चढ चालले. वळणावर पोचले तेव्हा एक म्हातारी दगडापुढे पानं मांडत होती. वरच्या पाड्यात नवा भात शिजला होता. देवाला दाखवल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालायचं नाही, ही त्यांची रीत. नारळ कसा ठेवतात तेही मला ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"शेंडी त्याच्याकडे कर. शाळेत नाय शिकवलं काय?" मग विचारलं, "कुणाची तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"गाडीवाल्याची पोर? अगो, तुझा बाप खालच्या वळणाला दोनदा हॉर्न मारी. तो ऐकून आम्ही पाड्यातून उतरायचो. पाय हे असले, किती पळणार? आम्ही येईपर्यंत तो इथे हात जोडून उभा. इथे थांबा नाय ना. माणसांसाठी थांबला तर गाडीतली ओरडतील. देवासाठी कोण ओरडेल? मग काय झालं कोण जाणे, थांबेनासा झाला. माझी सून भरल्या दिवसांची, फाट्यापर्यंत चालवत नेली तिला."

काय झालं ते मला ठाऊक होतं. मी ते तिला सांगितलं, सगळं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहिणारीने आधी एकदा गाडीत बसून यायचं." एवढंच. त्यानंतर तिने दगडापुढची पानं मला दाखवली. एक देवाचं, एक पूर्वजांचं, आणि तिसरं बाबांचं. "दर साली ठेवतो. गाडी थांबो न थांबो." ते तिसरं पान तिने भातासकट दुमडलं, दोऱ्याने बांधलं आणि माझ्या ओंजळीत दिलं. भात अजून कोमट होता. ज्या वळणाला मी चार मिनिटं नाकारली, तिथे माझ्या बापाचं पान देवाच्या शेजारी मांडलं जात होतं, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. आज बाबांनी मला पाठवावं आणि आजच नवा भात निघावा, याचा अर्थ लावायची मला हिंमत झाली नाही. अजूनही होत नाही.

संध्याकाळी घरी आले. पुडी सोडली तसा भाताचा वास खोलीभर पसरला. बाबांनी विचारलं, "म्हातारी बरी आहे ना?" आणि स्वतःहून हात पुढे केला. पहिला घास गेला. मग दुसरा. आई दाराची चौकट धरून उभी होती. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलं? मी पत्रक फाडलं असतं."

"तू लिहिलंस ते खोटं कुठे होतं? हात तर मी खरेच जोडायचो. ती उतरून येईपर्यंत नुसतं उभं राहून काय करणार?"

त्यानंतर बाबा आणखी काही महिने लाभले, आणि २०१९च्या उन्हाळ्यात शांतपणे गेले. ते महिने मी कमावलेले नव्हते, मला दिले गेले होते. कुणी दिले, हा वाद मी आता घालत नाही. मी अजून लिहिते, भांडते. पण सगळं आपल्याला दिसतंच असं धरून चालत नाही. त्या संध्याकाळी पान रिकामं झालं तेव्हा मी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आयुष्यात पहिल्यांदाच. केसांना भात लागू नये म्हणून उष्टा हात त्यांनी बाजूला धरला, आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.