तात्यांचं काळीज घेऊन मुंबईला

आमच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रात दूर उभी राहते आणि पडाव (माणसं-सामान आगबोटीपर्यंत नेणारी मोठी होडी) तिच्याकडे जातो. त्या सकाळी पडावात चौदा माणसं आपल्या पायांनी चढली आणि तात्या मेस्त्री खुर्चीत बसून चढले. खुर्ची चौघांनी उचलली होती आणि मी मागून "सावकाश, सावकाश" असं ओरडत गुडघाभर पाण्यातून चाललो होतो. तात्या माझे पेशंट. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या छातीला नळी लावून मीच सांगितलं होतं की, तुमच्या काळजाची एक झडप नीट मिटत नाही, आत मर्मर (झडपेतून येणारा जादा आवाज) आहे. यापुढे चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, मटण-माशांना शिवायचं नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही.

यातली शेवटची अट सगळ्यांत वाईट होती. तात्या धंद्याने सुतार, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख दशावतारी नाटकातला राक्षस म्हणून. ते नुसते आरोळी ठोकत पुढे आले की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. माझ्या एका वाक्याने ती आरोळी बंद झाली. त्यानंतरच्या दहा जत्रा तात्यांनी प्रेक्षकांत बसून, तोंडात सुपारी धरून पाहिल्या. यंदा नाटकमंडळीच्या मालकाने त्यांना पुन्हा बोलावणं धाडलं आणि तात्या माझ्या दवाखान्यात येऊन उभे राहिले.

"डॉक्टरानू, येकदा मोठ्या डॉक्टराक दाखवया. तो नको म्हणालो, तर मी परत तोंडाक रंग लावचंय नाय."

मला मुंबईला जायचंच होतं. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या आणि गल्लीबोळांतल्या डॉक्टरांसाठी पंधरा दिवसांचा रिफ्रेशर कोर्स निघाला होता. विषय इंटर्नल मेडिसिन, म्हणजे चिरफाड सोडून बाकी सगळं. कॉलेज सोडून मला वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात वैद्यकशास्त्र मला न विचारता बरंच पुढे गेलं होतं. कोर्सच्या कागदात लिहिलं होतं की, येताना एखादा अवघड पेशंट आणल्यास त्यावर चर्चा होईल. मी तात्यांना घेतलं. खरं सांगायचं तर थोडी मिरवायची हौसही होती, कारण इतकी सुरेख मर्मर साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

तात्यांना बोट लागू नये म्हणून मी गोळ्या बरोबर घेतल्या होत्या. बोट मलाच लागली. रत्नागिरीपर्यंत मी कठड्यावर ओणवा होतो आणि तात्या माझं कपाळ धरून उभे होते.

भाऊच्या धक्क्यावर उतरून आम्ही लालबागला गेलो. तिथल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या गावाचा गाळा आहे (गाळा म्हणजे गिरणीत कामाला असलेल्या गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली). तात्यांनी जिना चढायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. मी नियम केला : पाच पायऱ्या चढायच्या आणि मिनिटभर थांबायचं. पहिल्या मजल्यापर्यंत नियम पाळला गेला. दुसऱ्यावर तात्या थांबले, पण माझ्यासाठी.

"डॉक्टरानू, बॅग माझ्याकडे देवा. तुमका धाप लागली."

दुसऱ्या दिवशी मी कोट-टाय चढवून ट्रामने परळला निघालो. बोटीचा शीण होता, डोळा लागला. "ओ कोटवाले, दादर आलं. उतरा, गाडी इथनंच फिरते," असं म्हणत कंडक्टरने हलवलं तेव्हा परळ कधीच मागे गेलं होतं. पळत पळत वर्गात पोचलो, तर आत अंधार करून भिंतीवर मूत्रपिंडाची चित्रं दाखवणं चालू होतं. मी एकटाच उशिरा आलो म्हणून शरमलो होतो. पण दिवे लागले तेव्हा कळलं की, पंचवीस डॉक्टरांपैकी एकोणीस माझ्या आधीपासून झोपले होते.

शिकवणारे मोठे सर शांत गृहस्थ होते. त्यांनी काही विचारलं की आम्ही सगळे वही चाळायचो. अपवाद होता माझ्या शेजारी बसणाऱ्या गिरगावच्या डॉक्टरांचा. त्यांच्याकडे विलायती नळी होती, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर असायचं. पलीकडे घोडपदेवला दवाखाना चालवणाऱ्या एक तरुण डॉक्टरबाई बसत. त्या काही बोलत नसत, नुसत्या लिहून घेत. गिरगावच्या डॉक्टरांना त्यांची फार दया यायची.

रविवारी गिरगावच्या डॉक्टरांनी मला आणि तात्यांना त्यांच्या गल्लीतल्या खानावळीत जेवायला नेलं. आमच्या ताटांत कुरकुरीत बोंबील आले, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आलं. तात्यांच्या ताटात माझ्या हुकमाने दुधी भोपळा आला. तात्यांनी बराच वेळ आमच्या ताटांकडे पाहिलं.

"डॉक्टरानू, वास घेवक चलात?"

"लांबून," मी म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

संध्याकाळी परत येताना लालबागला रस्ता अडला होता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि द्विभाषिक राज्याच्या विरोधात मोर्चा चालला होता. पुढे घोषणा देणाऱ्या तरुणाचा गळा पार बसला होता. तो मागे वळून म्हणाला, "अरे, कोणीतरी आवाज द्या रे! माझा घसा गेला." मी काही म्हणायच्या आत तात्या मोर्चात शिरले. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." अशी त्यांची हाक गेली आणि "झालाच पाहिजे!" हे उत्तर भायखळ्याच्या दिशेने लांबपर्यंत गेलं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट पकडलं आणि नाडी मोजत मोर्चाबरोबर चालू लागलो. लोकांना वाटलं, मी त्यांचा हात उंचावून धरलाय. मग माझाही दुसरा हात कोणीतरी उंचावला.

तात्यांची नाडी मोर्चात शहात्तर भरली, आणि गाळ्यावर चढून आल्यावरही तेवढीच. माझी गाळ्यावर येऊन मोजली, ती एकशे दहा होती. तिसरा मजला चढून आलेल्या, भर मोर्चात ओरडलेल्या माणसाची नाडी शहात्तर लागते याचा अर्थ एखाद्या गवंड्यालाही कळला असता. मी डॉक्टर असल्यामुळे मला कळला नाही. उलट तात्यांना आडवं करून मी उद्याच्या चर्चेचं इंग्रजी पाठ करत बसलो.

सोमवारी वॉर्डात तात्या उघड्या अंगाने खाटेवर बसले. मी केस सांगितली : वय पंचावन्न, मायट्रल झडपेचा दोष, दहा वर्षांची मर्मर, दर महिन्याला मी स्वतः ऐकलेली. सर म्हणाले, "छान. सगळ्यांनी ऐका आणि सांगा." आणि ते खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले.

पहिले डॉक्टर म्हणाले, मर्मर आहे. गिरगावचे डॉक्टर म्हणाले, नुसती आहे नव्हे, चांगली काखेपर्यंत जाते. तिसऱ्यांना ती पाठीतूनही ऐकू आली. चौथे साताऱ्याकडचे, त्यांनी नळी लावलीच नाही, तळहात ठेवला आणि सांगितलं की, हाताला थरथर लागते. पुढे प्रत्येकाने थोडी थोडी भर घातली. अकराव्या डॉक्टरांनंतर मला वाटू लागलं की, तात्या आजची संध्याकाळ काही बघत नाहीत. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माणसांचे चेहरे वाचता येत होते. त्यांनी हळूच जवळचा सदरा उचलून मांडीवर घेतला. रंग लावायचा नाही, हे त्यांनी तिथेच मनाशी ठरवलेलं मला दिसलं.

मग घोडपदेवच्या बाईंची पाळी आली. त्यांनी बराच वेळ ऐकलं. बसवून ऐकलं, कुशीवर निजवून ऐकलं.

"सर, मला काही ऐकू येत नाही."

गिरगावच्या डॉक्टरांनी मोठ्या मनाने आपली विलायती नळी पुढे केली. "ही लावून बघा." बाईंनी ती लावली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता तर मुळीच नाही."

सर खिडकीतून वळले. "मी यांना सकाळीच तपासलंय. कार्डिओग्रामही काढलाय. बाईंना जे ऐकू येत नाही, ते मलाही ऐकू येत नाही."

वॉर्डात इतकी शांतता झाली की, पलीकडचा पेशंट उठून बसला. सरांनी मला विचारलं, "दहा वर्षांपूर्वी यांना दुसरं काय झालं होतं?" मी आठवून सांगितलं : पांढरेफटक पडले होते, पायांना सूज होती, पोटात आकडेकृमी (रक्त पिणारे जंत) होते. "तुम्ही काय दिलंत?" जंताचं औषध आणि लोहाचं मिक्श्चर. सर म्हणाले, "रक्त फार पातळ झालं की धडधाकट काळजातही मर्मर येते. रक्त भरलं की जाते. डॉक्टर, या गृहस्थांना तुम्ही दहा वर्षांपूर्वीच बरं केलंत. फक्त त्यांना सांगायचं राहिलं."

"पण मी दर महिन्याला ऐकत होतो, सर!"

"ऐकत नव्हतात. कागदावर लिहिलेलं वाचत होतात. आत्ता या सगळ्यांनी तेच केलं." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "पेशंट तुमचा आहे. तुम्हीच सांगा."

मी खाटेच्या कडेला बसलो. एरवी भलेभले रोग सांगतानाही माझी जीभ कधी इतकी जड झाली नव्हती.

"तात्या, तुमचं काळीज ठणठणीत आहे. गावी गेल्यावर रंग लावा."

तात्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, "कधीपास्ना?"

"दहा वर्षांपासून. माझी चूक झाली, तात्या."

त्यांनी मांडीवरचा सदरा घातला, सगळी बटणं लावली. मग सरांकडे वळून म्हणाले, "सायबानू, हंय जरा मोठ्यान आवाज केलो तर चलात?" सर म्हणाले, "वॉर्डात नको. खाली मैदानात चला." आणि ते स्वतःच पुढे झाले.

मैदानात आम्ही पंचवीस डॉक्टर गोल करून उभे राहिलो. तात्यांनी पाय रोवले, छाती भरून घेतली आणि आरोळी ठोकली. ती अर्ध्यावरच फाटली. ते खोकले, त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. दुसऱ्यांदा त्यांनी आवाज लावला तो मात्र पुरता लागला. झाडावरचे सगळे कावळे उडाले, तिन्ही मजल्यांवरच्या परिचारिका गॅलरीत आल्या. साताऱ्याचे डॉक्टर माझ्यामागे दडले. फाटकावरचा पोलीस दांडकं घेऊन धावत आला, कारण त्या दिवसांत मोठा आवाज झाला की पोलिसांना मोर्चाच वाटायचा.

"कोण बोंबललं? जमावबंदी आहे, माहीत नाय?"

सर शांतपणे म्हणाले, "हवालदार, हृदयाची तपासणी चालू आहे."

"इतक्या जोरात?" हवालदार म्हणाला. त्याने तात्यांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "काका, मालवणकडचे काय? राक्षस करता?" त्याचं गाव आमच्या पुढच्या बंदरावर निघालं. त्याच्या आग्रहाखातर तिसरी आरोळी झाली.

त्यानंतर दोन दिवस तात्या माझ्याशी बोलले नाहीत. गाळ्यावर त्यांच्यासाठी लालबागचा झणझणीत मसाला घालून कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) कालवण झालं, मटण झालं, सुक्या जवळ्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) झाली. ते मुकाट जेवत होते. मीही समोर बसून मुकाट दुधी भोपळा खात होतो. कोणी मला तो खायला सांगितलं नव्हतं.

कोर्स संपला. घोडपदेवच्या बाईंना मी नमस्कार केला आणि विचारलं, "अकरा जणांनी सांगितल्यावर तुम्ही कशा बोललात?" त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडे गिरणीचे कामगार येतात, डॉक्टर. काम बंद कर म्हटलं तर घर बंद पडतं. म्हणून दहादा ऐकते."

परतीच्या आगबोटीत समुद्र शांत होता. हर्णै गेल्यावर तात्या माझ्याशेजारी येऊन बसले.

"डॉक्टरानू, गावात सांगया, मुंबैच्या डॉक्टरान इंजेक्शन दिल्यान आणि माका बरो केल्यान. तुमचा नाव कित्याक घालवूचा? त्या वक्ताक मी मरत होतंय, तां खोटा नाय. तुमीच वाचवल्यात."

दोन दिवस हा माणूस रागावलाय असं मी समजत होतो, आणि तो माझी अब्रू कशी वाचवायची ते शोधत होता. मी समुद्राकडे तोंड फिरवलं. बोट लागली म्हणून नव्हे. पंधरा दिवसांत मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुस यांच्याविषयी मी पुष्कळ नवं लिहून आणलं होतं, पण सगळ्यांत साधी गोष्ट वहीत नव्हती. औषध चढायला तीन महिने लागले होते, आणि माझा शब्द उतरवायला दहा वर्षं. रोग बरा करता येतो. डॉक्टरने सांगितलेलं माणसं जन्मभर सांभाळत बसतात.

बंदरावर निम्मं गाव आलं होतं. तात्या पडावातून उडी मारून चालत वर गेले आणि लोकांनी एकच गिल्ला केला. त्यांनी इंजेक्शनची गोष्ट सुरू केली, सुई केवढी होती ते हात लांब करून दाखवलं. मी मध्येच म्हणालो, "इंजेक्शन-बिंजेक्शन काही नव्हतं. तात्या दहा वर्षांपूर्वीच बरे झाले होते. मी तपासलं नाही आणि सांगितलं नाही."

तात्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता माझा दवाखाना बंद. तेवढ्यात गर्दीतून गंगाकाकी पुढे आल्या. माझ्याच सांगण्यावरून ही बाई सहा वर्षं अळणी जेवत होती. त्यांनी पदर सावरला आणि माझ्यासमोर वाळूत बसकण मारली.

"डॉक्टरानू," त्या म्हणाल्या, "माका काय सांगूचा रवला?"

मी तिथेच वाळूत बसलो आणि बॅगेतून नळी काढली. त्यांच्यामागे आणखी सातजण येऊन उभे राहिले होते.