शब्द तोच ठेवलाय ना?

दामूदादा भोईर गेल्याचं त्यांच्या मुलानं, नितीननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी एका जुन्या विद्यार्थ्याचा नोकरीचा अर्ज तपासत होतो. "सर, दादा गेले. सकाळी चहा मागितला, आणि..." किती वाजता नेणार, एवढं मी विचारलं, फोन ठेवला आणि हातातला अर्ज पुरा तपासला. यात काही मोठेपणा नाही, माझा स्वभावच तसा आहे. उल्हासनगरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं की आधी चूक दिसते आणि मग माणूस.

बदलापूरला शिरगावात आमची सोसायटी आहे तिथे पूर्वी भोईरांची भातशेती होती. दादा माझ्या बाल्कनीत उभे राहून खालच्या पार्किंगकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हितं आमचा खला व्हता." खळं गेल्याची खंत त्यात नसे, जमीन होती याची ऐटही नसे. ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या कामगार संघटनेचे सेक्रेटरी. शिक्षण दहावी. आमची ओळख झाली ती एका डिक्शनरीमुळे. उल्हासनगरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं "साईं, असली फॉरेन का माल है" म्हणत ती त्यांच्या गळ्यात मारली होती, आणि घरी येऊन बघतात तर ‘ए’ अक्षराची पानंच गायब. ती काखेत मारून दादा माझ्या दारात उभे. "सर, ह्या पुस्तकाला डोकाच नाय. ‘ए’चा शब्द अडला का तुमच्याकडं येनार. चालंल ना?"

चाललं. अपील, अवॉर्ड, अफिडेव्हिट असे शब्द विचारायला ते येत राहिले. जाताना वालाच्या शेंगा ठेवून जात, त्या सोलायला लागतात म्हणून आमची ही कुरकुरे आणि मग आवडीनं खाई. हळूहळू संघटनेची पत्रंही माझ्याकडे आली. दादा मराठीत मसुदा लिहून आणत, मी त्याचं इंग्रजी करून घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून देई. माझ्या इंग्रजीवर त्यांचा इतका विश्वास, की न वाचताच सही करत. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हरकत नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पॅकिंग खात्यातल्या शोभा पवार नावाच्या बाईची कंपनीनं अचानक गुजरातेतल्या कारखान्यात बदली केली. सुपरवायझरची तक्रार केल्याची ती शिक्षा होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दुसरं कोणी नाही. गेली तर आईचे हाल, नाही गेली तर नोकरी जाणार. दादांनी सभा बोलावली आणि ठरावाचा मसुदा माझ्याकडे आणला. सगळा मजकूर मराठीत, मध्येच एक इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत आणि खाली दोन रेघा. शोभा पवार यांचा प्रश्न संघटना ‘एस्पाउज’ करत आहे.

मला हसू आलं होतं. या शब्दाचा मूळ अर्थ लग्न लावणं, वरणं. एखादं ध्येय, एखादी बाजू पत्करणं हा त्याचा पुढचा अर्थ, तोही ग्रंथांतला. दादांनी डिक्शनरीतून काहीतरी भारदस्त उचललंय असं मी समजलो. फिटरच्या पत्रात असला शब्द शोभत नाही, असंही मनात आलं. तेव्हा आलं होतं, म्हणून आज लिहितो. मी तो खोडून ‘सपोर्ट’ घातलं. साधं, सरळ, कोणालाही कळणारं. दादांना सांगितलं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

काही आठवड्यांनी दादा आले आणि चपला काढतानाच म्हणाले, "सर, सपोर्ट म्हंजे काय?"

"पाठिंबा."

"आन एस्पाउज?"

मी व्युत्पत्तीसकट समजावून सांगितलं. ते नीट ऐकत होते.

"मंग दोगांत फरक हाय ना?"

"फारसा नाही," मी म्हणालो.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "सर, लग्नाला हजार मान्सं येतात. अक्षता समदेच टाकतात. पन उपरन्याला गाठ येकाच्याच." मला वाटलं, गंमत करतायत. ठराव पुन्हा करून द्यायचाय, एवढंच सांगून त्यांनी नवा मसुदा पुढे केला. त्यात तो शब्द तीन वेळा होता. या वेळी मी मुकाट्यानं तसाच टाइप केला. त्यानंतर मात्र त्यांना एक खोड लागली. पत्र हातात घेतलं की सहीआधी विचारायचे, "सर, शब्द तोच ठेवलाय ना?" प्रत्येक वेळी. शेवटच्या आजारातही, पेन्शनच्या साध्या अर्जावर. मला त्याचा राग येई. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मास्तराला हे काय विचारणं?

पुढच्या निवडणुकीत दादांचं सेक्रेटरीपद गेलं. वय झालं असेल, असं मी धरून चाललो.

तेरावं झाल्यावर नितीन ती बिनडोक्याची डिक्शनरी घेऊन आला. "दादांनी सांगून ठेवलं होतं, सरांना द्या." ‘ई’च्या पानांत, ‘एस्पाउज’पाशीच, कागद होते. पहिला मसुदा, दोन रेघांचा. त्याला टाचलेलं माझं टाइप केलेलं पत्र. आणि लेबर ऑफिसात कंपनीनं दिलेली हरकत. एका कामगाराची बदली हा त्याचा एकट्याचा वाद. संघटनेनं तो आपला म्हणून पत्करला तरच तो पुढे चालतो, आणि कायद्यात त्या पत्करण्याला शब्द आहे ‘एस्पाउज’. इथे संघटनेनं नुसता पाठिंबा दिलाय, सहानुभूती काय, आमचीही आहे, असं कंपनीचं म्हणणं. त्या एका हरकतीवर प्रकरण मागे आलं. नवी सभा, नवा ठराव, नव्या तारखा यात आठ महिने गेले, आणि शोभाताई तेवढे महिने घरी बसल्या. दादांनी तो शब्द डिक्शनरीतून उचललाच नव्हता. त्यांना तो वकिलानं सांगितला होता, हे नितीनकडून कळलं.

"हेच ते पत्र," नितीन म्हणाला. "दादा भर सभेत बोलले, शब्द माझ्याकडनं चुकला. लोकांनी लय धुतलं त्यांना. दहावी पास मान्साला इंग्रजीचा सोस कशाला, असं तोंडावर बोलले. त्यातच पद गेलं."

माझं नाव दादांनी कुठेच घेतलं नव्हतं. मलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

चार दिवसांनी अंबरनाथला शोभाताईंकडे गेलो. त्या अजून त्याच पॅकिंग खात्यात आहेत. नव्या ठरावानंतर त्यांची बदली रद्द झाली होती. आई मात्र त्या आठ महिन्यांतच गेली. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं, की तो शब्द दादांनी बरोबर लिहिला होता, मी बदलला. त्यांनी दोन रेघांच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

"सर, मी त्यांना काय बोलले माहितीये?" त्या म्हणाल्या. "तुमच्या इंग्लिशनं माझं वाटोळं केलं, असं बोलले. सगळ्यांसमोर. तर हात जोडून सॉरी बोलले मला..." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा यायला पाहिजे होतं."

यायला हवं होतंच. लाज वाटते मला. पाठिंबा आणि पत्करणं यांतला फरक फारसा नाही, असं मी ज्याला शिकवलं, त्यानं माझी चूक पत्करली आणि बारा वर्षं माझ्याकडे चहा पीत राहिला.

डिक्शनरी आता माझ्या टेबलावर आहे. हा लेख लिहिताना ‘शब्द मी बदलला’च्या जागी ‘शब्द बदलला गेला’ असं एकदा लिहून पाहिलं. व्याकरणात चूक नव्हती. पण लेख छापायला पाठवायच्या आधी कानाशी तो प्रश्न आला आणि मी ते खोडलं.

हो दादा, शब्द तोच ठेवलाय.