पांढऱ्या बैलाची काळी कड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? एका ओळीची चूक. पण आता माझाच मला वैताग आलाय.

चित्रं जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, जगभरची माणसं मिळून लिहितात. त्यात मी एक नोड, म्हणजे एका कामाचा सुटा ठोकळा, घातला. म्हणजे असं — एक चित्र दुसऱ्यावर कसं बसवायचं ते वापरणाऱ्यानं स्वतः चार ओळींत लिहायचं, आणि ग्राफिक्स कार्डानं ते झटक्यात करून द्यायचं. मिरवलं मी ते, भरपूर मिरवलं. महाळुंगे पडवळला बबनभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्यांच्या हात धुऊन मागे लागून मीच त्यांना तो नोड वापरायला लावला. पन्नाशी उलटलेला माणूस, वहीत लिहून घेऊन शिकला.

मग एका बैलाच्या दशक्रियेचा फ्लेक्स आला. बैलगाडा शर्यतीत नाव काढलेला बैल, पांढराशुभ्र. मालकाला मागची बाजूही पांढरीच हवी होती. फ्लेक्स लागला — आणि बैलाच्या अंगाभोवती काळी कड, काजळी धरल्यासारखी. "ह्यो माझा बैल न्हाई," मालक म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं त्यानं तो उतरवला.

भाऊंनी मला बोलावलं. पाच मिनिटांत मला कळलं. चित्राच्या कडेची पारदर्शकता माझ्या कोडमध्ये दोनदा गुणली जात होती, म्हणून कड काळवंडत होती. आणि मी शहाण्यानं तपासलं होतं फक्त काळ्या रंगावर — तिथं काळी कड दिसणार कशी? शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट. आणि मी काय म्हणालो? "भाऊ, तुमचं मशीन जुनं झालंय."

का म्हणालो? भीती कसली होती? कसलीच नाही. चुकलो म्हणायची लाज वाटली, बस. दुसऱ्या दिवशी ती ओळ गुपचूप सुधारली आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं — किरकोळ आवराआवर.

भाऊ मालकाच्या पाया पडून आले. तेव्हापासून त्यांनी डिझाइन करणं सोडलं. लोकांनी आणलेल्या फायली तेवढ्या छापतात. वही कुठे गेली, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परवा दुकानात गेलो, तर गिऱ्हाइकाला सांगत होते, "इंजिनिअरचं काम लई चोख. आमचंच मशीन जुनं व्हतं." मी समोरच बसलो होतो. त्यांनी मागवलेला चहा प्यालो, आणि वर साखर कमी आहे म्हणालो.