साडूभाऊंचा पाणलावा

जगाच्या पाठीवर शाकाहारी शिकारी एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. केकात अंडं आहे असं नुसतं कानावर आलं तरी वाढदिवसाच्या घरून पाणी पिऊन परतणारे हे गृहस्थ. ना बंदूक, ना परवाना, ना कुणाला मारायची इच्छा. तरी दर फेब्रुवारी-मार्चात ते सिंगापूरच्या गवतात कुत्रा घेऊन पाणलाव्यांमागे हिंडायचे. पाणलावा म्हणजे लांब चोचीचा, मातकट रंगाचा पक्षी. हिवाळा टाळायला सैबेरियाकडून इकडे येतो, ओलसर गवतात काही महिने काढतो आणि मार्च सरता सरता परतीला लागतो. पायाखाली येईपर्यंत तो दिसत नाही, आणि साडूभाऊंना तो दिसायला नकोच होता. त्यांना हवं होतं ते निराळंच. थंड देशांत काही कुत्रे असे असतात की लपलेल्या पक्ष्याचा वास आला तरी भुंकत नाहीत, धावत नाहीत; एक पाय उचलून, शेपटी ताठ करून, नाक त्या दिशेला रोखून जागच्या जागी उभे राहतात. ते उभं राहणं साडूभाऊंनी एकदा फोनवर पाहिलं आणि माझे शनिवार संपले. "त्यात थाप नसते हो," ते म्हणायचे. "कुत्रा उभा म्हणजे पक्षी आहे. आपण मागे उभं राहायचं, डोळे भरून बघायचं आणि पक्षी न उडवता घरी यायचं." एवढ्यासाठी वन-नॉर्थच्या ऑफिसात आठवडाभर पिळून निघालेला मी शनिवारी एमआरटीच्या पहिल्या गाडीने त्यांच्याकडे बिशानला जायचो, कारण शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा तेव्हा नाही म्हणण्याइतकंही त्राण माझ्यात उरलेलं नसायचं.

कुत्रा त्यांचा नव्हताच. तो त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटींचा. आंटींचे गुडघे गेलेले, म्हणून त्याला फिरवायचं काम साडूभाऊंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. नाव कोपी, म्हणजे इथल्या बोलीत कॉफी; रंगही दूध कमी पडलेल्या कॉफीचा. त्याची आई इथलीच रस्त्यावरची होती हे आंटींना ठाऊक होतं. बापाविषयी कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि एवढी मोकळी जागा साडूभाऊंना पुरेशी होती. "नाक बघा. याचा बाप खानदानी शिकारी असणार," ते सांगायचे. आंटी दारातच खुर्ची टाकून बसलेल्या असत. त्या इथल्या 'ला' जोडलेल्या इंग्रजीत म्हणायच्या, "दिस वन ओन्ली नो हाऊ टू ईट अँड स्लीप, ला." मला आंटींचं म्हणणं पटायचं, पण साडूपुढे बोलून कोण वाईट होणार.

अशा कुत्र्याला लहानपणी दोरीला बांधलेला पक्ष्याचा पंख दाखवून उभं राहायला शिकवतात म्हणे. मेलेल्या पक्ष्याचा पंख घरात आणणं साडूभाऊंच्या धर्मात बसेना. तेव्हा त्यांनी बॅडमिंटनचं शटल दोरीला बांधलं आणि महिनाभर हॉलमध्ये फरफटवलं. शटलची पिसंही कुठल्यातरी बदकाचीच असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. कोपी शिकला मात्र चोख. त्याला घेऊन आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा कम्युनिटी क्लबच्या बॅडमिंटन कोर्टाच्या दारात तो असा कडक उभा राहिला की डबल्स खेळणारे चौघे खेळ थांबवून बघत राहिले. पुढे त्याने आपल्या ज्ञानात भर घातली. कुणीतरी टाकलेल्या चिकन राइसच्या पुडक्यापुढे तो उभा राहिला. घोरपडीपुढे उभा राहिला. एकदा सकाळी ताय ची करणाऱ्या एका आजींपुढे उभा राहिला. त्यांचाही एक पाय वर होता आणि दोघांपैकी आधी कोण पाय खाली टेकतो याची वाट बघत मी दोरी धरून उभा होतो. साडूभाऊ दर वेळी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "नाही रे राजा, हा नव्हे." कधी रागावले नाहीत. त्यांची मुलगी मात्र दहा पावलं मागून चालायची. "बाबा, कॅन यू नॉट? माय फ्रेंड्स ऑल लिव्ह हिअर, ला."

कुत्रा नसला तरी सुटका नव्हती. एकदा दोन्ही कुटुंबं पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. एका दलदलीपाशी साडूभाऊंनी हात वर केला आणि सायकलीवरून न उतरताच थांबले. मागे आम्ही पाच जण उन्हात ताटकळत राहिलो. पाव तासाने ते वळून म्हणाले, "इथे असणार. पण कोपीशिवाय कसं सांगणार?"

यंदाच्या फेब्रुवारीत त्यांच्या कंपनीने त्यांचा विभागच बंद केला. नोकरी गेली की इथे राहायचा पास जातो, आणि पास गेला की महिन्याभरात दुसरं काही जमवायचं, नाहीतर सामान बांधायचं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. वय बावन्न. माझ्या थोरल्या मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला बाजूला घेतलं. "तुम्ही तरी सांगा हो त्यांना. सकाळ झाली की कुत्रं, संध्याकाळ झाली की कुत्रं. अर्ज कधी करणार?" मी भीतभीत विषय काढला. ते म्हणाले, "अर्ज रोज करतो. उत्तर येत नाही. हा निदान शेपटी हलवतो." मग म्हणाले, "नोकरी माझ्या हातात नाही. हे एक तेवढं जायच्या आत बघायला मिळालं, तर मी इथे काहीतरी पुरं केलं असं म्हणेन." एरवी मी काहीतरी चेष्टा केली असती. त्या दिवशी जमलं नाही.

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी ते आले ते पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टात. खाली अर्धी चड्डी आणि गमबूट. एका अमेरिकन कंपनीकडून शेवटच्या मुलाखतीचा फोन येणार होता. तिकडचा शुक्रवार संपायच्या आत, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी. "नुसत्या फोनला शर्ट कशाला?" मी विचारलं. "शर्टाला इस्त्री असली की आवाज सरळ येतो," ते म्हणाले. ब्लॉक्सच्या मागे सरकारने कशासाठी तरी राखून ठेवलेलं गवताळ मैदान आहे, तिथे आम्ही पोचलो आणि फोन वाजला. त्यांनी कोपीची लांब दोरी माझ्या हातात दिली, चाळीस-पन्नास पावलं दूर गेले आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागले.

कोपी दोन पावलं चालला आणि थांबला. आधी वाटलं, पुन्हा चिकन राइस. पण या वेळी त्याचं सगळं अंगच बदललं. शेपटी ताठ झाली, मान लांबली, श्वास चाललाय की नाही कळेना. मी त्याला इतके शनिवार ओढत हिंडलो होतो, पण हा कुत्रा मला अनोळखी होता. हाक मारावी तर पक्षी जाणार आणि कदाचित नोकरीही. पुढे जावं तर तेच. मी दोरी घट्ट धरली आणि दुसरा हात डोक्यावर हलवत राहिलो. पलीकडे पांढरा शर्ट. "येस, ऑफ कोर्स, आय अ‍ॅम व्हेरी फ्लेक्सिबल," असं त्यांचं अर्धवट ऐकू येत होतं. वळा हो, मी मनात म्हणत होतो, एकदा वळा. मग गवतातून एक खरखरीत आवाज आला, मातकट रंगाचा पक्षी आपल्या मर्जीने उठला आणि वेडीवाकडी वळणं घेत झाडांपलीकडे गेला. कोपी खाली बसून कान खाजवू लागला.

साडूभाऊ परत आले. "कळवतो म्हणाले," फोन खिशात ठेवत त्यांनी सांगितलं. "इकडे काय?"

सांगू नये असं क्षणभर वाटलं. पण मग कोपीवर अन्याय झाला असता. मी सांगितलं.

ते खाली गवतातच बसले, इस्त्रीच्या शर्टासकट. त्यांनी कोपीचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. मग एकेक विचारू लागले. किती वेळ उभा होता? शेपटी सरळ की वर? पक्षी किती अंतरावर? आणि शेवटी, "पाय कुठला उचलला होता?"

"डावा," मी म्हणालो.

"डावाच असणार," ते म्हणाले, आणि हसले.

नोकरी मिळाली नाही. एप्रिल उजाडायच्या आत ते पुण्याला गेले. मुलगी तिकडे शाळेत रुळतेय, साडूभाऊ एका ओळखीच्या माणसाच्या कारखान्यात जातात. मध्ये मी गेलो तेव्हा घरी पाहुणे होते आणि ते त्यांना कोपीची गोष्ट सांगत होते. सोफ्याच्या कडेला हात टेकून त्यांनी स्वतःचा डावा पाय उचलून दाखवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अस्साच ना हो?" मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर कोपीने कुठला पाय उचलला होता, उचलला तरी होता का, मला माहीत नाही. शेपटी-मान ताठ झालेली पाहिली तेवढीच, मग पक्षी उठेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडेच बघत होतो.